दुर्बिणीची जखम छोटी, पण गादीचं काय?

मामांची एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून आम्ही सगळे बघत होतो. मणके एकाखाली एक रचलेले आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये एक गादी. वरच्या तीन गाद्या मधोमध पांढुरक्या, खालच्या दोन काळपट. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या गादीतून एक काळं बोंड मागे सरकून नसेला टेकलेलं. मामांनी चोवीस वर्षं नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटोचा टेम्पो नेला. गेले अडीच महिने डाव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत चमक जात होती. रात्री झोप नाही, गोळ्यांनी तात्पुरतं बरं वाटायचं.

सर्जननी सांगितलं, दुर्बिणीतून करू. पावणेदोन सेंटीमीटरची जखम, दुसऱ्या दिवशी घरी. बाहेर आल्यावर मामांनी मला विचारलं, "जखम एवढीशी, म्हणजे आत गादीलाही एवढाच धक्का ना?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो, आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून नीट लिहिते आहे. थोडक्यात सांगायचं तर, जखमेची लांबी ही कातडीची गोष्ट आहे. गादीचं पुढे काय होणार, हे आत काय कापलं, किती काढलं आणि काय शाबूत ठेवलं यावर ठरतं.

आधी गादी समजून घेऊ. मामांना मी टायरवरूनच समजावलं, कारण टायर त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो.

गादीच्या मधोमध मऊ, चिकट गर असतो. सब्जा पाण्यात टाकला की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत फुगवटा येतो, तसं या गरातले रेणू पाणी धरून ठेवतात. तरुण माणसाच्या गरात वजनाच्या ८० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. एमआरआयमध्ये पांढरं दिसतं ते हे पाणी. वय वाढेल तसं ते धरून ठेवणारे रेणू कमी होतात आणि गादी काळी दिसायला लागते. चाळिशी-पन्नाशीत एखाददुसरी काळी गादी बहुतेकांना असते, त्यातल्या कित्येकांना काहीच दुखत नसतं. "मणक्यात गॅप आलाय" असं आपल्याकडे म्हणतात, पण खरं तर उलटं झालेलं असतं: दोन मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं असतं.

गराभोवती कडं असतं. पंधरा ते पंचवीस पदर, एकावर एक गुंडाळलेले. प्रत्येक पदरातले तंतू तिरके, आणि लगतच्या पदरातले उलट्या बाजूला तिरके. जुन्या क्रॉस-प्लाय टायरमध्ये नायलॉनचे दोरे असेच एकाआड एक उलटे टाकलेले असतात. वजन पडलं की गर चहूबाजूंनी दाबतो आणि कड्याचे सगळे तंतू ताणून ते वजन पेलतात. पण कंबर पिळली की एका दिशेचे तंतू ताणले जातात आणि दुसऱ्या दिशेचे सैल पडतात, म्हणजे अर्धे कामगार रजेवर. वाकून, वर अंग पिळून क्रेट उचलणं गादीला सगळ्यात महागात पडतं ते यासाठी.

आत दाब किती असतो? स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून तो मोजला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या विल्के आणि सहकाऱ्यांनी एका ४५ वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या स्वयंसेवकाच्या याच चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीत मोजणीयंत्र ठेवून दिवसभराचे आकडे घेतले. ते मेगापास्कलमध्ये आहेत. मामांसाठी मी ते टायरच्या पौंडांत करून दिले. त्यांच्या टेम्पोत साठ-पासष्टची हवा असते. माणूस निवांत आडवा असताना त्याच्या मणक्याच्या गादीत १५ च्या आसपास, सरळ उभं राहिलं की ७२ च्या आसपास. पाठ गोल करून २० किलो उचललं की ३३० च्या वर. गुडघे वाकवून तेच ओझं उचललं तर २५० च्या आसपास. मामा बराच वेळ गप्प होते. टोमॅटोचा भरलेला क्रेट साधारण तेवढ्याच वजनाचा, आणि ते दिवसाला किती उचलायचे याचा हिशेब बहुतेक मनात चालू असावा.

हे एका माणसाचे आकडे आहेत, सगळ्यांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण कुठल्या कामात दाब चढतो आणि कुठल्या कामात उतरतो, तो क्रम पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, फक्त कड्याच्या अगदी बाहेरच्या पदरांपर्यंत थोड्या पोचतात. बाकीच्या गादीला खाणं-पिणं मिळतं ते वरच्या-खालच्या मणक्यांच्या पातळ कुर्चेतून झिरपून. जिथे रक्त नाही तिथे जखम भरायलाही कुणी येत नाही. हाताला कापलं तर आठवड्यात भरतं. कडं कापलं तर बाहेरून पातळसा व्रण धरतो, आतले पदर मात्र पूर्वीसारखे जुळत नाहीत. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला ओस्टी, व्हर्नन-रॉबर्ट्स आणि फ्रेझर यांनी १९९० मध्ये मेंढ्यांच्या गादीच्या फक्त बाहेरच्या कड्याला ५ मिलिमीटर खोल छेद दिला. गराला हातही लावला नव्हता. तरी पुढच्या महिन्यांत आतला गर झिजत गेला. कड्याचा एक कोपरा गेला की सगळ्या गादीचा तोल जातो, हे त्या मेंढ्यांनी दाखवून दिलं.

आता ऑपरेशन. सरकलेल्या गादीमुळे पायात कळ येते, हे बोस्टनच्या मिक्सटर आणि बार यांनी १९३४ मध्ये मांडलं. त्याआधी असे तुकडे ट्यूमर समजून काढले जायचे. त्या काळी मणक्याची मागची कमान बरीचशी काढून आत शिरावं लागायचं. १९७७ मध्ये यासारगिल आणि कास्पर यांनी सूक्ष्मदर्शक वापरून जखम लहान केली. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या फोली आणि स्मिथ यांनी नळीची पद्धत आणली: आधी बारीक सळई, तिच्यावरून जाड, मग आणखी जाड, असं करत स्नायूचे तंतू कापण्याऐवजी बाजूला सारायचे आणि १४ ते १८ मिलिमीटरच्या नळीतून काम करायचं. पूर्ण एंडोस्कोपी त्याच्या पुढची: ७-८ मिलिमीटरच्या नळीत कॅमेरा, पाण्याची धार आणि चिमटा, सगळं एकत्र. ती मागून करता येते किंवा कुशीच्या बाजूने, नस बाहेर पडते त्या भोकातून. बाजूने करताना बऱ्याचदा फक्त जागा बधिर करतात, पेशंट जागा असतो.

नसेपर्यंत पोचताना वाटेत तीन गोष्टी लागतात: स्नायू, मागचे सांधे आणि कडं. बायोमेकॅनिक्सच्या, म्हणजे शरीरातल्या भार-ताणाच्या, दृष्टीने सगळं या तिघांचं काय होतं त्यात आहे.

स्नायू म्हणजे मुख्यतः मल्टिफिडस, मणक्याला अगदी खेटून असलेला. उघड्या ऑपरेशनमध्ये तो हाडापासून सोडवून बाजूला ओढून धरतात. जितका जोर आणि जितका वेळ, तितकी इजा. येल विद्यापीठातले मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये कण्याच्या स्थिरतेची जी मांडणी केली, तिच्यात एक कल्पना आहे जी टेम्पोवाल्याला लगेच कळते. स्टिअरिंगला 'प्ले' असतो ना, थोडं फिरवलं तरी चाक वळत नाही? दोन मणक्यांमध्येही तसा थोडा मोकळा प्ले असतो, ज्यात हालचालीला जवळजवळ विरोध होत नाही. गादी झिजली, अस्थिबंध सैल पडले की हा प्ले वाढतो. मल्टिफिडससारखे खोलातले स्नायू तो आवरून धरतात. म्हणून स्नायू वाचवणं म्हणजे नुसत्या दुखण्यातून सुटका नव्हे, तो गादीचाही बचाव आहे.

मग नळीची पद्धत नक्कीच सरस, असं कुणालाही वाटेल. नेदरलँड्समधल्या आर्ट्स आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. ३२८ पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्मे नळीच्या पद्धतीकडे, निम्मे सूक्ष्मदर्शकाच्या नेहमीच्या पद्धतीकडे. निकाल २००९ मध्ये आला. वर्षभरानंतर नळीवाल्यांपैकी ६९ टक्क्यांनी चांगलं बरं वाटतं असं सांगितलं, नेहमीच्या पद्धतीतल्यांपैकी ७९ टक्क्यांनी. स्नायूंची इजा वेगळी तपासली, तीही नळीमुळे कमी झालेली दिसली नाही. पाच वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते. पूर्ण एंडोस्कोपीचा निकाल जरा वेगळा आहे. त्याच देशातल्या ६१३ पेशंटांच्या अभ्यासात, २०२२ मध्ये, ती नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही, पायाच्या दुखण्यात तर किंचित सरस ठरली.

हे आकडे सांगण्याचा हेतू दुर्बिणीला नावं ठेवण्याचा नाही. सूक्ष्मदर्शकाची 'नेहमीची' पद्धतसुद्धा आता एवढी छोटी झाली आहे की तिच्याहून छोटं करून आणखी फार काही वाचत नाही. पेशंट मात्र जखमेच्या लांबीवरून हॉस्पिटल निवडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरे, मागचे सांधे. प्रत्येक दोन मणक्यांमागे असे दोन छोटे सांधे असतात. ताठ उभं राहिल्यावर कमरेवरच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा ते घेतात, बाकीचं गादी घेते. पिळाला अडवण्याचं मोठं काम त्यांचं. नसेपर्यंत जाताना या सांध्याची आतली कड थोडी तासावी लागते, आणि बाजूच्या वाटेने गेलं तर भोक मोठं करायला त्याचं टोक. थोडं तासलं तर चालतं. अबुमी यांनी १९९० मध्ये दान केलेल्या कण्यांवर टप्प्याटप्प्याने हे सांधे काढून पाहिलं: आतली कड काढल्याने स्थिरता फारशी बिघडली नाही, पण अख्खा सांधा काढला, मग तो एका बाजूचा का असेना, की मणके जास्त फिरायला लागले. संगणकावरची मॉडेलंही तेच सांगतात: सांधा जितका जास्त जातो, तितका पिळताना आणि मागे वाकताना गादीच्या कड्यावर ताण चढतो. त्या मॉडेलांत कण्याचे हजारो छोटे तुकडे पाडून प्रत्येकावरचा ताण गणिताने काढतात. ती खूप उपयोगी आहेत. पण मॉडेलमधली गादी ना बरी होते ना म्हातारी होते, आणि तिच्याभोवतीचे स्नायूही सहसा पुरते धरलेले नसतात. त्यामुळे 'ताण अमुक टक्के वाढला' अशी बातमी वाचली तर ती तुलनेसाठी घ्यावी, भाकीत म्हणून नव्हे.

तिसरं कडं, आणि त्याच्या आतला गर. माझ्या मते खरा पेच इथे आहे.

तुकडा कड्यातून आधीच बाहेर पडला असेल तर सर्जन तो उचलतात, कडं वेगळं कापायची गरज बऱ्याचदा पडत नाही. पण तुकडा कड्याच्या आतच फुगून बसला असेल तर ते कापावं लागतं. स्टॅनफर्डच्या युजीन कॅरॅजी यांनी २००३ मध्ये दाखवलं की सगळं कड्याला पडलेल्या भगदाडावर अवलंबून असतं. कड्यात नुसती चीर असून सुटा तुकडा काढलेल्यांत पुन्हा गादी सरकण्याचं प्रमाण १ टक्का होतं. मोठं भगदाड असलेल्यांत २७ टक्के.

मग सर्जन म्हणेल, भगदाड मोठं आहे ना, आतला गरच काढून टाकतो, म्हणजे पुन्हा बाहेर यायला काही उरणार नाही. हेही करून पाहिलंय. कॅरॅजींच्याच २००६ च्या अभ्यासात, अशा मोठ्या भगदाडाच्या पेशंटांत, फक्त सुटा भाग काढलेल्यांत १८ टक्क्यांची गादी पुन्हा सरकली, आणि आतूनही भरपूर खरवडून काढलेल्यांत ९ टक्क्यांची. पण वर्षभरानंतर कमरेचं दुखणं खरवडलेल्यांत जास्त होतं, कामावर परतायलाही त्यांना जास्त वेळ लागला.

असं का, ते टायरवाल्याला सांगावं लागत नाही. हवा कमी झालेला टायर बसतो आणि त्याची बाजू बाहेर फुगते. ब्रिंकमन आणि ग्रोटनबूर यांनी १९९१ मध्ये प्रयोगशाळेत मोजलं: गादीतला एक ग्रॅम ऐवज काढला की तिची उंची सरासरी ०.८ मिलिमीटरने कमी होते आणि कडं ०.२ मिलिमीटर बाहेर फुगतं. ०.८ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण कमरेची गादी असते जेमतेम एक सेंटीमीटर जाडीची. गराचा दाब गेला की वजन पेलायचं काम कड्यावर येतं, आणि ते ताणण्यासाठी बनलेलं आहे, चेपण्यासाठी नाही. आतले पदर आतल्या बाजूला दुमडतात. गादी बसली की मागचे सांधे एकमेकांवर जास्त घासतात. गादी फारच खाली बसलेल्या कण्यांत हे सांधे ७० टक्क्यांपर्यंत वजन घेताना दिसले आहेत. आणि शेजारून नस जिथून बाहेर पडते ते भोकही उंचीला कमी होतं.

म्हणून बहुतेक सर्जन आज बाहेर आलेला आणि आत सुटा झालेला भाग तेवढा काढतात, बाकीच्या गराला हात लावत नाहीत. मलाही तेच पटतं. थोडी जास्त जोखीम घेऊन गर राखणं हा हिशेब तिशी-चाळिशीतल्या, पुढे वीस वर्षं वजन उचलायच्या माणसासाठी बहुतेक वेळा फायद्याचा असतो. मोठं भगदाड बंद करायला हाडात रोवायचं एक छोटं यंत्रही निघालं आहे. त्याने गादी पुन्हा सरकणं कमी होतं, पण ज्या हाडात ते रोवलं त्याच्या पृष्ठभागावर झीज जास्त दिसते. गादीचा भार एका जागेवरून उठवला की तो दुसरीकडे कुठेतरी जाऊन बसतोच.

दोन मणके जोडून टाकण्याचं ऑपरेशनही आता छोट्या जखमांतून होतं, कातडीतून स्क्रू घालून. त्यात ती गादी काढलेलीच असते, प्रश्न असतो शेजारच्या गादीचा. एक सांधा बंद झाला की वाकायची हालचाल वरचा-खालचा करतो आणि त्यांच्यावर ताण वाढतो. स्नायू, मधले अस्थिबंध आणि वरचा सांधा जपला तर हा ताण थोडा कमी राहतो, हा छोट्या पद्धतीचा खरा फायदा. पण जोडलेला मणका तो जोडलेलाच, मग जखम कितीही लहान असो.

मामांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलायची होती. ऑपरेशन न करताही बरं होतं का? होतं, बऱ्याचदा. बाहेर पडलेला तुकडा शरीर परका समजतं, पेशी येऊन तो खातात. मोठे तुकडेसुद्धा काही महिन्यांत विरघळलेले एमआरआयवर दिसतात. नेदरलँड्समध्येच पॉयल यांनी २००७ मध्ये २८३ पेशंटांत पाहिलं: लवकर ऑपरेशन केलेले लवकर बरे झाले, पण वर्षअखेरीस दोन्हीकडचे ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मात्र शेवटी ऑपरेशन करून घेतलं, कारण कळ सोसवत नव्हती. मामा अडीच महिने थांबले होते. थांबायचंच नाही असे प्रसंगही आहेत: लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, किंवा पाऊल उचलताना लुळं पडायला लागलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आम्ही सर्जनना तीन प्रश्न विचारले. तुकडा कड्याबाहेर आहे की आत? आतला गर किती काढणार? सांध्याचं हाड किती तासावं लागेल? ते खुर्ची ओढून बसले आणि कागदावर चित्र काढून सांगायला लागले. तुकडा बाहेर होता.

ऑपरेशननंतर सकाळचा पहिला तास सांभाळा, एवढंच मी मामांना बजावून सांगितलं. रात्रभर आडवं पडलं की गादी पाणी शोषून फुगते, उल्मच्या त्या स्वयंसेवकाच्या गादीतला दाबही झोपेत दुपटीहून जास्त चढला होता. आपण सकाळी सेंटीमीटरभर उंच असतो ते त्यामुळेच, आणि ती उंची बरीचशी पहिल्या तासातच उतरते. अशा टम्म फुगलेल्या गादीवर वाकलं की कड्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. बाकी चालायला मी पहिल्या दिवसापासून लावलं. महिनोन् महिने पडून राहण्याची जुनी पद्धत कामाची नाही. कॅरॅजींनी तर ऑपरेशननंतर पेशंटांवर कसलीच बंधनं घातली नाहीत, तरी त्यांचं काही बिघडलं नाही. पण ते सगळे टोमॅटोचे क्रेट उचलत नव्हते, म्हणून मामांना सहा आठवडे ओझं बंद.

डिस्चार्जच्या कागदांत ऑपरेशनचा तपशील एका पानावर होता. बहुतेक लोक ते पान वाचत नाहीत, मी वाचलं. एक सुटा तुकडा काढला, कड्यात ३ मिलिमीटरची चीर, आतल्या गराला हात लावला नाही, सांधा शाबूत. मामांनी तो कागद गाडीच्या कागदपत्रांच्या प्लॅस्टिक पिशवीत आरसी बुकाशेजारी ठेवला आहे. पायाची कळ ऑपरेशनच्या संध्याकाळीच गेली, अंगठ्याचा बधिरपणा जायला चार महिने लागले. आता सकाळी उठताना ते आधी कुशीवर वळतात, पाय खाटेखाली सोडतात, हातावर रेटा देऊन बसतात, आणि मामी चहा घेऊन येईपर्यंत ओसरीत येरझाऱ्या घालतात. चपला घालायला खाली वाकायचं काम त्यानंतर.